हिरवी खूण

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनच्या पलीकडे एक टेबल आहे. त्यावर ‘संगणक मदत’ अशी पाटी आहे, पण ती वाचतो कोण? लोक जिना चढून येतात आणि धापा टाकत एवढंच विचारतात, “रिफ्रेश आहेत का?” आता या गृहस्थाला आईबापांनी चांगलं नाव ठेवलेलं आहे, पगाराच्या चिठ्ठीवर ते छापूनही येतं. पण कुणी काहीही रडगाणं घेऊन आलं की याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “रिफ्रेश करून बघितलंत का?” एकदा खोलीतला पंखा बंद पडला, तर तेव्हाही सवयीनं तेच बोलून गेला. झालं! शिक्का बसला तो बसला. घरी बायको चिडली की तीही म्हणते, “अहो रिफ्रेश, जरा हला आता.”

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे, आणि यायलाच हवा.

बंद पडलेल्या वेबसाइटची जुनी पानं शोधून द्यायच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आर्काइव्ह म्हणून एक सेवा असते. तिचं यंत्र इंटरनेटवर फिरतं, पानांच्या नकला काढतं आणि तारीख घालून ठेवून देतं. मूळ साइट उद्या मेली तरी नक्कल राहते. राहते खरी, पण आपल्याला हवी तेव्हा उघडेल तर शपथ! कधी पत्ता एका अक्षराच्या फरकानं जतन झालेला असतो. कधी ऑफिसच्या नेटवर ती सेवाच अडवून ठेवलेली असते. कधी एका तारखेची नक्कल लंगडी निघते आणि आदल्या आठवड्यातली ठणठणीत. या सगळ्या खोड्या रिफ्रेशला तोंडपाठ. पेन्शनीतले आजोबा, शोधनिबंधवाल्या मुली, कोर्टातले कारकून, सगळे त्याच्या टेबलापाशी यायचे आणि हसत जायचे.

जाताना प्रत्येकाला तो एक गोष्ट बजावायचा. “जतन केलं म्हणजे झालं असं नाही हो! लिंकपुढे हिरवी खूण येते, तिच्यावर भाळू नका. ती फक्त ‘जाऊन आलो’ एवढंच सांगते, काय आणलं ते सांगत नाही. नक्कल उघडा आणि आपल्या डोळ्यांनी बघा.”

किती शहाणपणाचं बोलणं! दिव्याखाली अंधार असतो तो असा.

एक दिवस टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच, बहुतेक दुकानातून उठून आली होती. कपडे आल्टर करून द्यायचं छोटं दुकान होतं तिचं. रिफ्रेशनं सवयीप्रमाणे तिला ताई म्हटलं आणि खुर्ची दिली. ती टेकली न टेकली तोच बोलायला लागली.

“भाऊ, माझा दादा शिलाई मशीनचा मेकॅनिक. मेंदूत गुठळी झाली आणि वाचा गेली. हातपाय चालतात, समजतं सगळं, पण तोंडातून एकच येतं, ‘तेच ते’. भूक लागली तरी तेच ते, राग आला तरी तेच ते.”

रिफ्रेशनं मान हलवली.

“स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, त्याचीच वाक्यं त्याला वाचून दाखवा. शेवटचा शब्द सोडायचा आणि गप्प बसायचं. तो शब्द आतून येतो कधीकधी. आता त्याची वाक्यं मी कुठून आणू? घरात काय, जेवलास का, झोपलास का, एवढंच बोलायचा. पण इंटरनेटवर भाऊ, काय सुटायचा म्हणून सांगू!”

मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा एक फोरम होता. जगभरचे लोक तिथे आपल्या मशीनची दुखणी मांडायचे आणि हा दादा ‘तेलाची बुधली’ या नावानं उत्तरं द्यायचा. वर्षानुवर्षं, शेकड्यानं उत्तरं. ताई रोज त्यातलं एक वाचून दाखवत होती. आदल्याच आठवड्यात तिनं वाचलं, “आवाज करतंय म्हणजे ओरडत नाहीये, मागतंय. त्याला हवंय…” आणि ती थांबली. दादा बराच वेळ छताकडे बघत बसला आणि मग स्पष्ट म्हणाला, “तेल.”

“तेल म्हणाला हो!” ताईनं टेबलावर हात आपटला, शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवून बघितलं. “आणि आता तो फोरमवाला म्हणतो, महिनाअखेर बंद करतोय. चालवणं परवडत नाही म्हणे. तुम्ही जुनी पानं सांभाळून ठेवता ना? माझ्या दादाची ठेवा.”

“एवढंच ना? काळजीच सोडा,” रिफ्रेश म्हणाला. खरंच सोपं काम होतं.

दुसऱ्या दिवशी तो बसला. फोरमचं पान उघडलं, तर आधी एक चौकट आली, ‘आपण माणूस आहात का? येथे खूण करा.’ बंद होणार म्हटल्यावर लोकांची आणि यंत्रांची झुंबड उडाली होती, म्हणून फोरमवाल्यानं दारात हा पहारेकरी बसवला होता. रिफ्रेशनं खूण केली. पहारेकरी बाजूला झाला आणि मग दिवसभर पुन्हा आडवा आला नाही. एकेक पान उघडायचं, पत्ता उचलायचा, आर्काइव्हला द्यायचा, हिरवी खूण आली की पुढचं पान. वाचायला वेळ कुणाला होता? एका उत्तराकडे नजर गेली आणि तो हसला, तेवढंच. संध्याकाळपर्यंत हिरव्या खुणांची रांग लागली. त्यानं यादी ताईला पाठवून दिली आणि खाली लिहिलं, ‘सगळं सुरक्षित आहे.’

नक्कल एकही उघडून बघितली नाही. कंटाळा नव्हता, घाई नव्हती. इतक्या वर्षांत आपलं काम चुकत नाही हे त्याला ठाऊक होतं, बस. दुसऱ्यांना सांगायचा तो मंत्र दुसऱ्यांसाठी होता.

महिना संपला, फोरम गेला. पुढच्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

“भाऊ, ते मला माणूस मानतच नाही हो!”

“म्हणजे?”

“तुम्ही दिलेली लिंक उघडली की विचारतं, आपण माणूस आहात का. मी खूण करते, काही होत नाही. पुन्हा करते, तसंच ढिम्म. सगळ्या लिंका अशाच. दादा बाजूला बसून बघतोय. मला म्हणतो, तेच ते.”

 एका क्षणात रिफ्रेशला सगळं कळलं. खूण त्यानं केली होती, त्यानं! पहारेकऱ्यानं त्याला आत सोडलं होतं. आर्काइव्हचं यंत्र बिचारं वेगळ्या दारानं गेलं, त्याला कोण सोडणार? त्याला दारातला प्रश्न दिसला, त्यानं प्रश्नाची नक्कल काढली. एकदा नाही, प्रत्येक पानाला. शेकडो हिरव्या खुणा आणि आत एकच वाक्य.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘ताई, माझ्याकडून घाण झाली’, एवढं वाक्य. जीभ उचलली, पण ती गेली आपल्या नेहमीच्या वाटेनं. “अं… रिफ्रेश करून बघितलंत का?”

“केलं ना.”

“मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. कधीकधी ब्राउझरचा घोटाळा असतो.”

“बरं, बघते,” ती म्हणाली, आणि वर “थँक्यू हं भाऊ” असंही म्हणाली.

खोटं एकदा बोललं की त्याला पोसावं लागतं. ताई दर दोन दिवसांनी फोन करायची आणि रिफ्रेश तिला एकेक उपाय द्यायचा. वाय-फाय बंद करून मोबाइलच्या नेटवर बघा. पत्त्याच्या शेवटची रेघ काढून बघा. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर बघा. आर्काइव्हवर गर्दी असेल, सकाळी लवकर बघा. सगळे उपाय खरे होते, अस्सल होते, हजार लोकांना लागू पडले होते. फक्त जे दुखणं नव्हतंच त्याच्यावर होते. आणि ती बिचारी ते सगळं करत होती! दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून करत होती. केलं की फोन करून सांगायची, “नाही हो भाऊ, माझंच काहीतरी चुकत असेल.”

हे वाक्य त्याला झोपू देईना. ‘माझंच काहीतरी चुकत असेल.’

गप्प बसला नव्हता, हेही खरं. तिच्या पाठीमागे त्यानं जंग जंग पछाडलं. दुसऱ्या आर्काइव्ह धुंडाळल्या, तिथे कुणी त्या फोरमकडे फिरकलंच नव्हतं. फोरमवाल्याला मेल केली. त्याचं सभ्य उत्तर आलं की सर्व्हर भाड्याचा होता, रिकामा करून परत दिला, प्रत ठेवलेली नाही. वेळेत मागितली असतीत तर आनंदानं दिली असती, असंही पुढे लिहिलं होतं. रिफ्रेशनं ते उत्तर वाचलं आणि स्क्रीन बंद करून बसून राहिला.

“तुमचं काय बिनसलंय?” बायकोनं विचारलं. “भाजी खारट झाली तरी बोलला नाहीत. खाई त्याला खवखवे. काय लपवताय?”

त्यानं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

“चूक होते हो माणसाकडून,” शेवटी म्हणाली. “पण त्या बाईला रोज नव्या कामाला लावता, ही चूक नाही. ही लबाडी आहे.”

“सांगतो ना.”

“कधी? आर्काइव्हवरची गर्दी ओसरल्यावर?”

तरी सांगितलं नाही. उलट पुढच्या फोनला, उपाय संपत आले म्हणून, त्यानं शेवटचा काढला. “ताई, ब्राउझरची सगळी सफाई करा. हिस्टरी, कॅश, साठवलेलं सगळं. प्रत्येकावर खूण करायची आणि पुसून टाका म्हणायचं.” कुणालाही सांगण्यासारखा, निरुपद्रवी उपाय. यातून निदान चार दिवस मिळतील, असा त्याचा हिशेब.

चार दिवसांनी फोन आला नाही. ताई स्वतःच जिना चढून आली. गळ्यात टेप नव्हती. खुर्चीत बसली आणि म्हणाली, “भाऊ, एक विचारू? तुम्ही सांगितलंत तशी सफाई केली. सगळ्यावर खुणा केल्या, पुसून टाकलं. पण त्यानंतर ती जुनी पानंही उघडेनाशी झालीत.”

“कुठली जुनी पानं?”

“घरातल्या कॉम्प्युटरवर, दादाच्या, काही पानं उघडायची ना. फोरम बंद झाला तरी. नेट काढून टाकलं की उघडायची, मला ते सापडलं होतं. दहा-बाराच असतील. त्यावरच चालवत होते मी आत्तापर्यंत. परवा तर दोन शब्द बोलला एकदम.” ती ओशाळून हसली. “तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं हे काहीतरी चुकीचं चालू असेल, उगाच रागवाल. सफाईनंतर येतील का ती परत?”

ब्राउझर आपण बघितलेल्या पानांची एक प्रत आपल्यापाशी ठेवतो, तिलाच कॅश म्हणतात. दादाच्या कॉम्प्युटरवर दादाची उत्तरं होती. साऱ्या जगात उरलेली शेवटची. आणि ती ताईनं आपल्या हातानं, प्रत्येकावर नीट खूण करून, रिफ्रेशच्या सांगण्यावरून पुसली होती.

“मी… मी घरी येऊन बघतो,” तो कसाबसा म्हणाला. “आजच येतो.”

पुसलेल्या फाइली खरवडून काढणारी एक डिस्क त्याच्याकडे होती. ती खिशात घालून तो तिच्याबरोबर निघाला. दुकानाच्या मागेच घर. खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी झाकण घातलेलं शिलाई मशीन, आणि मशीनशेजारी खुर्चीत दादा. रुंद खांद्याचा, नखांत अजून काळं असलेला माणूस. त्यानं रिफ्रेशकडे बघून मान हलवली आणि स्वागत केलं, “तेच ते.”

“हे लायब्ररीतले भाऊ रे दादा, तुझी पानं आणायला आलेत,” ताई म्हणाली. रिफ्रेशला वाटलं, जमीन दुभंगावी.

डिस्क चालवली. ती घरघरत राहिली आणि सापडलेलं एकेक वर टाकत राहिली. एका जाहिरातीतला अर्धा बूट. बाणाची चित्रं. एका हसऱ्या चेहऱ्याचं पिवळं टिकलीएवढं चिन्ह. अक्षर एकही नाही. ताई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि प्रत्येक चित्राला “हे त्यातलंच आहे!” म्हणत होती, आशेनं. डिस्क थांबली. स्क्रीनवर तिनं सांगितलं, काम पूर्ण झालं. आणि पुढे हिरवी खूण!

रिफ्रेश खुर्ची वळवून बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पहारेकऱ्याचा प्रश्न, न उघडलेल्या नकला, पहिल्या फोनलाच कळलं होतं ते, मग दिलेले सगळे उपाय, आणि शेवटचा. बोलताना तो ताईकडे बघू शकला नाही म्हणून दादाकडे बघून बोलला. दादा कान देऊन ऐकत होता. त्याला सगळं समजत होतं, तेच तर.

 ताई म्हणाली, “म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि मी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहत होते.”

“हो ताई.”

“का?”

 लाज वाटली म्हणून, एवढंच होतं, आणि ते उत्तर म्हणून फारच फुटकळ होतं. त्यानं हात जोडले. तिनं त्या हातांकडे बघितलंही नाही.

“इतकी पानं तुमच्या डोळ्यांखालून गेली,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “एक वाक्य तरी आठवतंय? एक. तेवढं तरी द्या.”

रिफ्रेशनं डोळे मिटले. तो हसला होता ते उत्तर! कुणाचं तरी मशीन टाके सोडत होतं. काय होतं त्यात? “आहे… आहे एक,” तो म्हणाला. “‘राग मशीनवर काढू नका. ते बिचारं सांगितलं तेवढंच करतं. सुई उलटी बसवली असेल तुम्ही. सुईची सपाट बाजू…’”

इथे तो अडला. ताईला वाटलं, शेवटचा शब्द मुद्दाम सोडलाय. तिनं श्वास धरून दादाकडे बघितलं. दादाच्या ओठांची थोडी हालचाल झाली. पण शांतता लांबली आणि रिफ्रेशला शांतता कधी सोसत नसे. आठवत नव्हतं तरी त्यानं ठोकून दिलं, नेहमीच्या ठाम आवाजात. “‘…सपाट बाजू पुढे ठेवा.’”

दादाच्या कपाळावर आठी पडली. त्यानं मान जोरात हलवली. “तेच… ते…” चेहरा लाल झाला, हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. आयुष्यभर लोकांच्या उलट्या सुया सरळ करत आलेला माणूस तो, त्याच्या घरात, त्याच्या मशीनशेजारी बसून कुणी असं बोलावं? “मागे!” तो ओरडला. “मागे रे, गाढवा!”

 दादा स्वतःच दचकून आपल्या तोंडाला हात लावून बघत होता.

ताईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. रिफ्रेशही रडत होता, गाढव म्हटल्याचं त्याला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. तो उठायला लागला. आता आपण निघावं, आणखी काही बिघडायच्या आत.

“बसा,” ताई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, तशीच बोलली. “कुठे निघालात? अजून एक सांगा.”

“ताई, शप्पथ, मला दुसरं वाक्य आठवत नाही.”

“वाक्य नकोय. चुकीचं सांगा.” तिनं मशीनवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि त्याची खुर्ची दादासमोर ओढली. “खोटं, ठासून, मला सांगत होतात तसं. तुम्हाला जमतं ते.”

ती हसत नव्हती. दादा पुढे वाकून, भुवया ताणून त्याच्या तोंडाकडे बघत होता. रिफ्रेशनं मशीनकडे बघितलं, त्याच्या चाकाकडे, दोऱ्याच्या रिळाकडे, आणि तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही खोटं सुचेना.